मोठ्या प्रोग्रॅमच्या पोटातली छोटी भाषा: ही पद्धत आली कुठून

कुठलाही मोठा प्रोग्रॅम चार-पाच वर्षं वापरात राहिला की त्याची सेटिंगची फाईल फुगायला लागते. सुरुवातीला त्यात नुसतं नाव आणि त्याची किंमत असते, मग कुणीतरी म्हणतं की अमुक असेल तरच तमुक कर असं लिहिता आलं पाहिजे, मग तेच दहा वेळा लिहायचा कंटाळा येतो म्हणून लूप येतं, मग व्हेरिएबल, आणि एक दिवस लक्षात येतं की अरे ही तर भाषाच झाली, फक्त कुणी ती ठरवून बनवलेली नाही. तिला नीट एरर मेसेज नसतात, स्ट्रिंगमध्ये अवतरणचिन्ह कसं घालायचं ते नक्की नसतं, आणि ती त्या एका प्रोग्रॅमबाहेर कुणाला येत नाही. तयार इंटरप्रिटर, म्हणजे भाषेतला कोड वाचून चालवणारा प्रोग्रॅम, लायब्ररीसारखा उचलून आपल्या प्रोग्रॅममध्ये बसवायचा, म्हणजे एम्बेड करायचा, ही पद्धत या त्रासातून आली. आणि माझं मत विचाराल तर या सगळ्या इतिहासात भाषेचं व्याकरण कसं होतं हा दुय्यम मुद्दा आहे, खरी झटापट झाली ती होस्ट प्रोग्रॅम, म्हणजे भाषा पोटात घेणारा प्रोग्रॅम, आणि त्या भाषेत लिहिलेली स्क्रिप्ट यांच्यामधल्या सीमेवर.

सगळ्यात जुनं ठळक उदाहरण ईमॅक्स या टेक्स्ट एडिटरचं. १९७६ मध्ये एमआयटीच्या एआय लॅबमध्ये पहिला ईमॅक्स झाला तो टेको नावाच्या एडिटरच्या मॅक्रोंचा संच म्हणून. टेकोच्या कमांड एकेका अक्षराच्या, त्यामुळे त्यात लिहिलेला प्रोग्रॅम वाचणं म्हणजे शिक्षाच, पण वापरणाऱ्याला एडिटर बदलता येतो ही गोष्ट लोकांना इतकी आवडली की ती सोडवेना. १९७८ मध्ये बर्नार्ड ग्रीनबर्ग यांनी मल्टिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमवर ईमॅक्स लिहिला तो लिस्प या भाषेत, आणि त्यात नवीन कमांड लिहिणंसुद्धा लिस्पमध्येच. पहिला ईमॅक्स करणाऱ्यांपैकी रिचर्ड स्टॉलमन यांनी सांगितलेली एक आठवण मला फार महत्त्वाची वाटते: ग्रीनबर्ग यांच्या ऑफिसातल्या सेक्रेटरी लिस्पमध्ये कमांड लिहायला लागल्या होत्या, कारण त्यांना जे मॅन्युअल मिळालं होतं त्यात 'एडिटर वाढवायचा कसा' एवढंच होतं, याला प्रोग्रॅमिंग म्हणतात असं कुठे लिहिलेलंच नव्हतं, त्यामुळे आपल्याला प्रोग्रॅमिंग जमणार नाही ही भीती आडवी आली नाही. स्टॉलमन यांच्या ग्नू या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पातल्या १९८५ च्या ईमॅक्समध्ये मग गाभा सी भाषेत आणि वरचं बरंचसं लिस्पमध्ये अशी आजची मांडणी पक्की झाली. पण तो इंटरप्रिटर ईमॅक्सशी इतका एकजीव आहे की तो सुटा काढून दुसऱ्या प्रोग्रॅमला लावता येत नाही.

दुसरीकडे ऑटोडेस्कने १९८६ मध्ये ऑटोकॅड या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरमध्ये ऑटोलिस्प आणलं, ते डेव्हिड बेट्झ यांच्या एक्सलिस्प या छोट्या इंटरप्रिटरवरून घेतलेलं. ड्रॉइंग काढणाऱ्या माणसांनी स्वतःच्या कमांड स्वतः लिहायला सुरुवात केली, आणि एखाद्या व्यावसायिक सॉफ्टवेअरची पकड त्याच्या स्क्रिप्टमुळे घट्ट होते हे तिथे स्पष्ट दिसलं, कारण लोकांनी लिहिलेली रूटीन दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये चालणार नव्हती. गेमवाल्यांचंही तेच चाललं होतं, लुकासफिल्म गेम्सने १९८७ च्या मॅनियाक मॅन्शनसाठी स्कम नावाची स्वतःची स्क्रिप्ट भाषा केली आणि पुढे दहा वर्षं ती वापरली.

या सगळ्यात 'भाषा म्हणजे एक लायब्ररी' हा विचार अगदी उघडपणे मांडला तो जॉन ऑस्टरहाउट यांनी. ते बर्कलीत चिप डिझाइनची टूल्स बनवत होते, मॅजिक वगैरे, आणि प्रत्येक टूलला कमांड द्यायला एक भाषा लागायचीच. पण टीमचं सगळं लक्ष टूलवर, त्यामुळे भाषा घाईत केलेली आणि दुबळी, आणि पुढच्या टूलसाठी पुन्हा नवीन, तीही दुबळीच. १९८७ च्या शरद ऋतूत ते डेक या कॉम्प्युटर कंपनीच्या पश्चिमेकडच्या रिसर्च लॅबमध्ये अभ्यासरजेवर गेले होते तेव्हा त्यांच्या डोक्यात आलं की एकच इंटरप्रिटर नीट लिहू, तो लायब्ररी म्हणून देऊ, त्यात व्हेरिएबल, लूप, प्रोसिजर असं सर्वसाधारण सामान असेल आणि प्रत्येक टूल त्यात आपापल्या कमांड घालेल. १९८८ च्या सुरुवातीला बर्कलीत परतल्यावर त्यांनी लिहायला घेतलं, हीच टीसीएल, जिला लोक टिकल म्हणतात.

टीसीएलची सीमा किती सोपी होती बघा. तुम्ही एक इंटरप्रिटर तयार करायचा, त्याला सांगायचं की या नावाची कमांड आली की माझं हे सी फंक्शन बोलव, आणि त्या फंक्शनला मिळणार काय तर स्ट्रिंगची यादी, अगदी सी प्रोग्रॅमच्या मेनला मिळते तशीच. उत्तरही स्ट्रिंगच. सगळं काही स्ट्रिंग, दुसरा प्रकारच नाही. त्यामुळे सी येणारा माणूस एका दुपारात आपल्या टूलला भाषा जोडू शकायचा, आणि म्हणूनच ती इतकी पसरली. किंमत अर्थात वेगात मोजावी लागली, कारण लूपमधला आकडा प्रत्येक वेळी स्ट्रिंगमधून काढायचा, एक मिळवायचा आणि परत स्ट्रिंग करायचा. १९९७ च्या ८.० आवृत्तीत बाईटकोड, म्हणजे पटकन चालवता येईल असं कोडचं आतलं रूप, आलं आणि व्हेरिएबलच्या किमतीचं आतलं रूपही जपून ठेवायची सोय झाली तेव्हा हे बरंच सुधारलं. चिप डिझाइनच्या जगात टीसीएल आजही रोजची भाषा आहे, आणि एसक्यूलाईट हा डेटाबेससुद्धा मुळात टीसीएलचं एक्स्टेन्शन म्हणून सुरू झाला हे फार लोकांना माहीत नसतं.

१९९४ मध्ये स्टॉलमन यांनी टीसीएल वापरू नका असं जाहीरपणे लिहिलं आणि मोठा वाद पेटला. त्यांचं म्हणणं साधारण असं की एक्स्टेन्शनची भाषा ही दुय्यम खेळणं नसावी, लोक तिच्यात मोठे प्रोग्रॅम लिहिणारच, मग तिला ॲरे आणि नीट डेटा स्ट्रक्चर नकोत का. यातून ग्नूसाठी स्कीम या लिस्पच्या बोलीवर आधारलेली गाइल ही भाषा पुढे आली. मुद्दा चुकीचा नव्हता, पण त्याच सुमारास दक्षिण अमेरिकेत एक उत्तर आधीच तयार झालं होतं आणि ते बहुतेकांच्या गावीही नव्हतं.

ब्राझीलमध्ये १९७७ ते १९९२ कॉम्प्युटर आणि सॉफ्टवेअरच्या आयातीवर कडक निर्बंध होते, बाहेरचं आणण्यापेक्षा इथे बनवा अशी रीत पडलेली. रिओच्या पीयूसी विद्यापीठात टेकग्राफ नावाचा गट होता, त्यांचा मोठा ग्राहक म्हणजे पेट्रोब्रास ही तेल कंपनी. तिच्यासाठी त्यांनी दोन छोट्या भाषा केल्या होत्या, एक डेल, म्हणजे सिम्युलेशनला लागणारा डेटा भरायच्या फॉर्मचं वर्णन करायला, आणि दुसरी सोल, भूगर्भातल्या खडकांच्या नोंदींचे रिपोर्ट मांडायला. दोन्हीकडे तीच जुनी गोष्ट घडली, वापरणारे जर-तर मागायला लागले, लूप मागायला लागले. १९९३ मध्ये रोबेर्तो इएरुसालिम्स्की, लुइस हेन्रिक दे फिगेरेदो आणि वाल्देमार सेलेस हे तिघं बसले आणि दोन अर्धवट भाषांऐवजी एक पूर्ण भाषा करायची ठरली. पोर्तुगीजमध्ये सोल म्हणजे सूर्य, म्हणून या नव्या भाषेचं नाव लुआ, म्हणजे चंद्र. टीसीएल त्यांनी का घेतली नाही तर तिचं व्याकरण अनोळखी, डेटाचं वर्णन करायला ती कच्ची, आणि ती तेव्हा फक्त युनिक्सवर चालायची, यांचे ग्राहक मात्र नाना प्रकारच्या मशीनवर. म्हणून लुआ अगदी शुद्ध प्रमाणित सी मध्ये लिहिली गेली, जिथे सी कंपायलर आहे तिथे ती चालते.

आता सीमेचा प्रश्न, जो मला सगळ्यात रोचक वाटतो. सी मध्ये प्रत्येक किमतीचा प्रकार आधीच ठरलेला आणि मेमरी हाताने सोडायची, लुआमध्ये प्रकार चालताना ठरतो आणि मेमरी गार्बेज कलेक्टर सांभाळतो, म्हणजे नको झालेली मेमरी तोच शोधून सोडतो. समजा लुआचं टेबल सी च्या हातात पॉइंटर म्हणून, म्हणजे मेमरीतला थेट पत्ता म्हणून दिलं, तर कलेक्टरला कळणार कसं की सी ला ते अजून हवंय? पायथनने यावर रेफरन्स, म्हणजे वस्तू किती जणांनी धरून ठेवलीय ते, मोजण्याचा मार्ग घेतला, म्हणजे सी लिहिणाऱ्याने प्रत्येक ठिकाणी मोजणी वाढवायची आणि कमी करायची, एकदा कमी करायला विसरलं की मेमरी गळते, एकदा जास्त कमी केलं की वापरात असलेली वस्तूच नाहीशी होते. लुआवाल्यांनी २००० सालच्या ४.० मध्ये अख्खी एपीआय, म्हणजे सी ने बोलवायच्या फंक्शनचा संच, नव्याने लिहिली आणि मध्ये एक स्टॅक, म्हणजे एकावर एक ठेवलेल्या वस्तूंची चळत, ठेवला. सी ला लुआची वस्तू हातात मिळतच नाही, ती स्टॅकवर असते आणि सी फक्त 'वरून दुसरी' असं म्हणू शकतो. समजा गेममध्ये स्क्रिप्टमधलं 'नुकसान' नावाचं फंक्शन दोन आकडे देऊन बोलवायचंय, तर आधी त्या नावाचं फंक्शन स्टॅकवर ठेवायचं, मग पहिला आकडा ढकलायचा, मग दुसरा, मग सांगायचं की दोन आर्ग्युमेंट आहेत आणि एक उत्तर हवंय, कॉल संपला की तिन्ही गोष्टी गेलेल्या असतात आणि त्यांच्या जागी एकटं उत्तर बसलेलं असतं, ते आकडा म्हणून वाचायचं आणि काढून टाकायचं. हे शेवटचं काढून टाकणं विसरलात तर पहिल्या काही कॉलला काहीच होत नाही, आणि मग हजारो फ्रेमनंतर स्टॅक भरून प्रोग्रॅम कुठेतरी भलतीकडेच कोसळतो, हे ज्याने शोधलंय त्याला पुन्हा कधी विसरायला होत नाही.

त्याच ४.० मध्ये दुसरी मोठी गोष्ट झाली, इंटरप्रिटरची सगळी अवस्था एका स्टेटमध्ये गेली आणि ते स्टेट एपीआयच्या प्रत्येक फंक्शनला उघडपणे द्यायचं. म्हणजे एका प्रोसेसमध्ये शंभर वेगळे इंटरप्रिटर, एकाला दुसऱ्याचा पत्ता नाही. पायथनमध्ये एका वेळी एकच थ्रेड चालू देणारं लॉक प्रत्येक इंटरप्रिटरला स्वतःचं मिळायला २०२३ ची ३.१२ आवृत्ती उजाडावी लागली, आणि यात पायथनला कमी लेखायचं नाही, ती भाषा स्वतः यजमान व्हायला बनली आणि लुआ पहिल्यापासून पाहुणी व्हायला.

लायसन्सचाही वाटा मोठा आहे. लुआची १९९४ ची १.१ आवृत्ती शिक्षणासाठी मोफत होती पण धंद्यासाठी परवानगी घ्यावी लागायची, १९९५ च्या २.१ पासून ती सगळ्यांना खुली झाली. १९९६ च्या शेवटी डॉक्टर डॉब्स मासिकात लुआवर लेख आला, तो लुकासआर्ट्समधल्या (म्हणजे आधीच्या लुकासफिल्म गेम्समधल्या) ब्रेट मोगिलेफ्स्की यांनी वाचला आणि त्यांनी स्कमच्या जागी लुआ बसवून १९९८ चा ग्रिम फँडँगो हा गेम केला. तिथून गेमच्या जगात ती पसरली, २००४ मध्ये वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टने तर खेळणाऱ्यांनाच स्क्रीन बदलायला लुआ दिली आणि कित्येकांनी आयुष्यातला पहिला कोड तिथे वाचला. मग एनमॅप आणि वायरशार्क ही नेटवर्क तपासायची टूल्स, आणि रेडिस हा डेटाबेस.

विकिपीडियाची गोष्ट मात्र थांबून सांगायला हवी. तिथले साचे (टेम्प्लेट) मुळात मजकूर पुन्हा वापरायला होते, मग त्यात जर-तर आलं, गणित आलं, आणि लोकांनी त्यातून काय काय करून दाखवलं, नुसती स्ट्रिंगची लांबी मोजायला लांबलचक साचा, कारण तशी सोयच नव्हती. भरपूर संदर्भ असलेलं पान तयार व्हायला सर्व्हरला कित्येक सेकंद लागायचे. २०१३ मध्ये तिथे लुआ आली, आणि जगातला कुणीही अनोळखी माणूस आपल्या सर्व्हरवर कोड चालवणार म्हटल्यावर वेळेला आणि मेमरीला मर्यादा घातली, एका पानाच्या सगळ्या लुआ कोडला मिळून १० सेकंद.

कारण परक्याचा कोड आत घेतला की तो थांबवायचा कसा हा प्रश्न येतोच. रेडिसमध्ये २०१२ च्या २.६ पासून स्क्रिप्ट अखंड चालते, मध्ये दुसऱ्या कुणाचीही कमांड शिरत नाही. स्क्रिप्ट अडकली तर ५ सेकंदांनंतर रेडिस बाकीच्यांना 'मी कामात आहे' असं सांगायला लागतो, पण स्वतःहून तिला मारत नाही, आणि तिने एकदा का डेटा लिहिला असेल तर हाताने मारायची कमांडसुद्धा चालत नाही, सेव्ह न करता सर्व्हर बंद करणं एवढंच उरतं, कारण अर्धवट झालेलं काम मागे ठेवणं त्याहून वाईट. आणि कुंपणाला भोकं पडतात. २०२२ मध्ये डेबियनच्या रेडिस पॅकेजमध्ये असं निघालं की लुआ वेगळी लायब्ररी म्हणून जोडल्यामुळे पॅकेज नावाचं एक व्हेरिएबल आत तसंच राहिलं होतं, त्यातून बाहेरची लायब्ररी लोड करून थेट सर्व्हरवर कमांड चालवता येत होत्या. रेडिसचा मूळ कोड ठीक होता, बांधणीत एक ओळ कमी पडली. २०२५ मध्ये तर लुआच्या मेमरी हाताळणीतला साधारण १३ वर्षं जुना दोष निघाला, त्याला १० पैकी १० तीव्रता दिली गेली.

आता पर्याय बरेच आहेत, मायक्रोपायथन, एमरुबी, जावास्क्रिप्टसाठी ड्युकटेप आणि फाब्रिस बेलार यांचं २०१९ चं क्विकजेएस. नव्या प्रोग्रॅममध्ये मात्र बरेच जण वेबअसेंब्लीकडे वळतायत, कारण त्यात कुठल्याही भाषेत लिहिलेला कोड कुंपणात ठेवूनच चालवता येतो, कुंपण नंतर घालावं लागत नाही. तिची सीमा बघितली की मला टीसीएल आठवते. १९८८ मध्ये सीमेवरून फक्त स्ट्रिंग जायची, आणि वेबअसेंब्लीच्या पहिल्या आवृत्तीत फक्त आकडे जातात, चारच प्रकारचे. नुसतं एक नाव आत पाठवायचं तरी आतल्या मेमरीत जागा मागायची, एकेक बाईट तिथे लिहायचा, आणि मग फंक्शनला दोन आकडे द्यायचे, कुठून सुरू होतं आणि किती लांब आहे. स्ट्रिंग, यादी, रेकॉर्ड हे सीमेवरून थेट कसं न्यायचं यावर कॉम्पोनंट मॉडेल नावाने काम अजून चालू आहे.