अंगठ्याच्या नखाएवढी नजर

अमळनेरच्या बसस्थानकाबाहेर एका टपरीवर परवा अमेरिकेतली एक जुनी घटना चघळली जात होती. जानेवारी 2017, अ‍ॅरिझोना. महामार्गावर अपघाताच्या जागी थांबलेल्या पोलिसावर एकाने गोळी झाडली आणि मग तो त्याचं डोकं रस्त्यावर आपटू लागला. वाटेने चाललेला एक मोटारवाला थांबला. "मदत हवी का?" असं त्याने पोलिसालाच विचारलं, गाडीतलं पिस्तूल आणलं आणि हल्लेखोराला गोळी घातली. पोलीस वाचला.

"आपला हातमा बंदूक राहती ते!" एक भाऊ म्हणाले. म्हणजे, आपल्या हातात बंदूक असती तर! सातपुड्यापलीकडून येणाऱ्या गावठी कट्ट्यांच्या बातम्या रोज वाचणाऱ्या मुलखात हे वाक्य मला जरा टोचलं. मी त्यांना हात लांब करून अंगठा उभा धरायला सांगितलं. नजर नखावर खिळवायची आणि बाजूला लागलेल्या एसटीची पाटी वाचायची. भाऊ म्हणाले, "शिरपूर." गाडी पारोळ्याची होती.

आपल्याला वाटतं, समोरचं सगळं चित्र आपण लख्ख पाहतो. प्रत्यक्षात लख्ख दिसतो तो जेमतेम दोन अंशांचा भाग, म्हणजे हात लांब करून धरलेल्या अंगठ्याच्या नखाएवढा. डोळ्याच्या पडद्यावर पीतबिंदू नावाच्या पिवळसर डागाच्या मधोमध एक बारीक खळगा असतो. तिथे बारकावा टिपणाऱ्या शंकूपेशी दाटीवाटीने बसलेल्या असतात आणि जवळजवळ प्रत्येकीची मेंदूकडे जाणारी स्वतंत्र तार असते. खळग्याबाहेर दंडपेशींचं राज्य. तिथे अनेक पेशी मिळून एकच तार वापरतात. त्यामुळे अंधुक उजेड आणि हालचाल पकडली जाते, पण बारकावा हरवतो. ही उणीव भरून काढायला डोळा सेकंदाला साधारण तीनदा उडी मारतो आणि मेंदू ते तुकडे शिवून गोधडी तयार करतो. उडीच्या क्षणी तर मेंदू चित्र जवळपास बंदच ठेवतो. खात्री करायची तर आरशासमोर उभे राहा आणि आपल्या डाव्या डोळ्याकडून उजव्याकडे नजर न्या. डोळे हललेले तुम्हाला कधीच दिसणार नाहीत. शेजारी उभ्या असलेल्याला दिसतील.

आता यात भीती मिसळा. पुढची उडी कुठे मारायची हे भीती ठरवू लागते. 1987 मध्ये मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ लॉफ्टस आणि सहकाऱ्यांनी लोकांना चित्रं दाखवली. काहींच्या चित्रांत गिऱ्हाईक गल्ल्यावर चेक देतं, काहींच्या चित्रांत पिस्तूल रोखतं. पिस्तूल पाहणाऱ्यांची नजर पुन्हा पुन्हा तिथेच जात राहिली आणि नंतर गिऱ्हाइकाचा चेहरा त्यांना कमी ओळखता आला. ही तर खुर्चीत बसून पाहिलेली चित्रं! खऱ्या गोळीबारातून गेलेल्या 157 अमेरिकी पोलिसांच्या पाहणीत 79 टक्क्यांनी नजर बोगद्यासारखी आकसल्याचं सांगितलं आणि 84 टक्क्यांना आवाज दबल्यासारखे ऐकू आले होते. ही प्रशिक्षण घेतलेली माणसं.

जून 2021 मध्ये कोलोरॅडोतल्या आर्वाडा गावात एका पोलिसाला ठार करणाऱ्याला एका नागरिकाने गोळी घालून थांबवलं. मग त्याने हल्लेखोराची रायफल उचलली. तेवढ्यात आलेल्या दुसऱ्या पोलिसाला बंदूकधारी म्हणून तोच दिसला. अंगावर वर्दी नव्हती. पोलिसाच्या गोळीने तो मेला.

असं कुणी धाडस केलं की आपल्याकडे "देवीनंच बळ दिलं" म्हणतात, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर "संकटात दहापट ताकद येते" असं फिरतं. देवीला यात ओढायचं कारण नाही. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या ग्रंथी अ‍ॅड्रिनॅलिन सोडतात. त्याने हृदय धडधडतं, मोठ्या स्नायूंकडे रक्त धावतं आणि बोटं थरथरतात. धक्का मारायला हे उत्तम, चाप अलगद ओढायला वाईट. दहापट हा आकडा कुठून आला, ते पाठवणाऱ्यालाच विचारा.

"गर्दी नुसती बघत राहते," ही भाऊंची पुढची तक्रार. जॉन डार्ली आणि बिब लाताने या मानसशास्त्रज्ञांच्या 1968 च्या प्रयोगात फीट आलेल्या माणसाचा आवाज आपण एकटेच ऐकतोय असं वाटणाऱ्यांपैकी 85 टक्के मदतीला उठले; आणखी चौघे ऐकताहेत असं वाटल्यावर 31 टक्केच. हा प्रयोग पाठ्यपुस्तकांत गाजला, पण तो बंद खोलीतला. अलीकडे लँकेस्टर, अ‍ॅमस्टरडॅम आणि केपटाऊनच्या रस्त्यांवरच्या 219 भांडणांचं सीसीटीव्ही चित्रण तपासलं गेलं. दहापैकी नऊ वेळा कुणी ना कुणी मध्ये पडलंच होतं, आणि बघे जितके जास्त तितकी मदतीची शक्यता जास्त. ही माणसं दोघांच्या मध्ये उभी राहत होती, कुणाचा हात धरून बाजूला ओढत होती, शांत व्हा म्हणून हातवारे करत होती.