'व्हेरी व्हेरी'ची पार्श्वभूमी

देवगडचा बागायतदार परगावच्या गिऱ्हाइकाला हापूसच्या पेटीविषयी इंग्रजीत कळवतो, तेव्हा आंबा 'व्हेरी व्हेरी स्वीट' असतो. अवकाळी पावसाने मोहोर गळाल्यावर त्याच घरातून पंचनाम्यासाठी गेलेला इंग्रजी अर्जही 'व्हेरी व्हेरी अर्जंट' असतो. पेटीच्या चिठ्ठीत ही द्विरुक्ती गोड वाटते, अर्जात मात्र ती खटकते.

'व्हेरी' हा शब्द जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आला तेव्हा त्याचा अर्थ 'खरा' एवढाच होता. त्याचे मूळ लॅटिन 'वेरुस'मध्ये आहे. इंग्लंडच्या चर्चने १५४९ मध्ये काढलेल्या प्रार्थनाग्रंथात 'व्हेरी गॉड ऑफ व्हेरी गॉड' असे शब्द आहेत, आणि तेथे 'व्हेरी' दोनदा आला तरी जोर वाढत नाही, कारण त्याचा अर्थ 'खऱ्या देवापासूनचा खरा देव' असा आहे. पुढे 'खरा'चे 'खरोखर' आणि 'खरोखर'चे 'अतिशय' झाले. आपल्या 'खूप'चीही वाट अशीच आहे. फारसीत 'खूब' म्हणजे चांगला. असे शब्द रोजच्या वापराने झिजतात, आणि झिजलेल्या शब्दाला धार यावी म्हणून बोलणारा तो पुन्हा उच्चारतो.

इंग्रजीला ही द्विरुक्ती परकी नव्हती. शेक्सपिअरच्या नाटकांच्या १६२३ च्या संग्रहात हॅम्लेटच्या तोंडी 'टू टू सॉलिड फ्लेश', म्हणजे 'अति अति घट्ट देह', असे शब्द छापलेले आहेत. विसाव्या शतकात मात्र औपचारिक गद्याची शिस्त कडक झाली, आणि स्ट्रंक व व्हाइट यांच्या १९५९ च्या लेखनशैलीवरील पुस्तकाने तर एकटा 'व्हेरी'सुद्धा शक्यतो टाळायला सांगितले. आपल्याकडे तारेत शब्दागणिक पैसे पडत, त्यामुळे तिथेही असा शब्द आपोआप गळत असे.

मराठीत अभ्यस्त शब्द हा भाषेचा स्वभाव आहे. 'उंचच उंच माड', 'लांबच लांब पुळण', 'खूप खूप आभार' यांत दुसरा शब्द काढला तर वाक्य उघडे पडते. 'व्हेरी व्हेरी' लिहिणारा कोकणी माणूस बहुधा हाच स्वभाव इंग्रजीत नेतो, आणि म्हणून त्याला अडाणी ठरवणे मला अन्यायाचे वाटते. चिठ्ठीतला 'व्हेरी व्हेरी स्वीट' त्याने जरूर ठेवावा. अर्जात मात्र किती कलमांचा मोहोर गळाला आणि पंचनामा कोणत्या तारखेच्या आत व्हायला हवा, हे लिहिल्यावर एकाही 'व्हेरी'ची गरज उरत नाही.