जात पडताळणी: 1950 चा कागद नाही म्हणून अर्ज अडतो तेव्हा

जातीचा पुरावा ज्या तारखेचा किंवा तिच्या आधीचा लागतो, तिला मानीव दिनांक म्हणतात. अनुसूचित जातीसाठी 10 ऑगस्ट 1950, अनुसूचित जमातीसाठी 6 सप्टेंबर 1950. अनुच्छेद 341 व 342 नुसार राष्ट्रपतींनी त्या दिवशी याद्या जाहीर केल्या. त्यांत बदल करणे फक्त संसदेच्या हाती. म्हणून ‘आमची जात म्हणजे त्याच जातीची पोटजात’ हे अधिकाऱ्याला मान्य करता येत नाही. मिलिंद प्रकरणात (2000) सर्वोच्च न्यायालयानेही यादी छापली आहे तशीच वाचायला सांगितले. विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी तारीख 21 नोव्हेंबर 1961, इतर मागास वर्गासाठी 13 ऑक्टोबर 1967.

आधी प्रांतांकडून (उपविभागीय अधिकारी) जात प्रमाणपत्र, मग पडताळणी समितीकडे ऑनलाइन अर्ज. जमातींची समिती वेगळी असते.

अडते ते पुराव्यावर. लोक स्वतःचा दाखला आणि वडिलांची टीसी (शाळा सोडल्याचा दाखला) जोडतात. दोन्ही मानीव दिनांकानंतरचे. हवा असतो वडिलांकडच्या घराण्याचा जुना कागद. आजोबा शाळेत गेले असतील तर त्या शाळेचा प्रवेश निर्गम नोंदवहीचा उतारा मागा. गेलेच नसतील, तर तहसीलच्या अभिलेख कक्षात गाव नमुना 14, म्हणजे कोतवाल बुकातली जन्ममृत्यूची नोंद शोधा. चुलत आजोबांची नोंदही चालते, पण वंशावळीत ते नाते जुळले पाहिजे. नोंदीत आडनाव वेगळे असेल तर खुलासा शपथपत्रातच करा. खाडाखोड मात्र चुकूनही नको. खोटी माहिती हा गुन्हा आहे आणि मिळालेले लाभही परत जातात.

जुना कागद नाही एवढ्यावरून अर्ज फेटाळणे बरोबर नाही. सिद्ध करण्याची जबाबदारी जात प्रमाणपत्र कायद्याच्या कलम 8 ने अर्जदारावर टाकली आहे हे खरे, पण कागदांनी समाधान झाले नाही तर समितीने प्रकरण चौकशीसाठी दक्षता पथकाकडे द्यायचे असते. पथक घरी येईल तेव्हा कुळाची माहिती असलेले वडीलधारे घरात असू द्या. वडिलांची किंवा सख्ख्या काकांची वैधता (समितीचे जात वैधता प्रमाणपत्र) असेल तर ती सर्वांत वर लावा. ती फसवणुकीने मिळालेली नसेल तर पुन्हा सगळे उकरू नये, असे मुंबई उच्च न्यायालयाने अपूर्वा निचळे प्रकरणात (2010) म्हटले आहे. तरीही अशी मुले महिनोन्महिने ताटकळत ठेवली जातात, याचा संताप येतो.

प्रांतांनी प्रमाणपत्र नाकारले तर तोंडी नकारावर परत फिरू नका, लेखी आदेश मागा. अपिलाचे 30 दिवस आदेश हातात पडल्यापासून मोजतात, अर्ज केल्यापासून नाही. समितीचा आदेश विरोधात गेला तर पुढे फक्त उच्च न्यायालय, अनुच्छेद 226 खाली. मंत्रालयात निवेदने देण्यात प्रवेशाची मुदत घालवू नका.