तेत, अधिक मास आणि एक शिक्षणमंत्री

व्हिएतनामी लोकांच्या नववर्षाच्या सणाला, ‘तेत’ला, आपल्याकडे सरसकट ‘चिनी नववर्ष’ म्हटलं जातं. बहुतेक वर्षी दोन्ही सण एकाच दिवशी येतात, त्यामुळे ते खपून जातं. पण १९८५ साली हनोईत तेत झाला २१ जानेवारीला आणि बीजिंगमध्ये नवं वर्ष लागलं २० फेब्रुवारीला. चक्क एक महिना उशिरा!

नियम दोन्हीकडे एकच आहे: ज्या चांद्रमासात वर्षातला सर्वांत लहान दिवस येतो, तो अकरावा महिना. सूर्य त्या बिंदूवर पोचला तेव्हा हनोईत २१ डिसेंबर १९८४ च्या रात्रीचे ११ वाजून २३ मिनिटं झाली होती. बीजिंगचं घड्याळ एक तास पुढे, म्हणजे तिथे २२ तारीख लागलेली. अमावास्येची युतीही २२ लाच होती आणि तिकडे नवा महिना त्याच दिवसापासून मोजतात. तासाभराच्या फरकानं एकच घटना दोन वेगळ्या महिन्यांत जाऊन पडली. त्यामुळे १ फेब्रुवारी १९८५ ला जन्मलेलं मूल बीजिंगमध्ये उंदराच्या वर्षाचं आणि हनोईत म्हशीच्या वर्षाचं. जन्मवर्षाच्या प्राण्यावरून स्वभाव सांगणाऱ्यांनी आणि लग्नं जुळवणाऱ्यांनी यावर काहीतरी बोलायला हवं.

दोन्ही देशांच्या पंचांगांतले फरक मात्र घड्याळांहून कितीतरी जुने आहेत. ते खणून काढणारा माणूस गणिती होता, आणि काही महिने मंत्रीही. होआंग स्वान हान यांचा जन्म १९०८ चा, व्हिएतनामच्या ‘हा तिन्ह’ प्रांतातला. फ्रेंच वसाहतीतला हा हुशार मुलगा पॅरिसच्या एकोल पोलितेक्निकमध्ये शिकला, स्थापत्य अभियंता झाला आणि १९३६ मध्ये हनोईत गणित शिकवायला परतला. शाळेत शिकवायचं ते फ्रेंचमध्ये. १९४२ मध्ये त्यांनी गणित, भौतिकी, रसायन वगैरे विषयांचा व्हिएतनामी परिभाषाकोश छापला. मार्च १९४५ मध्ये जपान्यांनी फ्रेंच सत्ता उलथवली, आणि इतिहासकार त्रान त्राँग किम यांच्या मंत्रिमंडळात हान शिक्षणमंत्री झाले. जपानच्या छायेतलं, जेमतेम चार महिन्यांचं सरकार; उत्तरेत लाखो माणसं भुकेनं मरत होती. या सरकारला बाहुलं म्हणतात आणि ते फारसं चुकीचं नाही. तरी माध्यमिक शिक्षण व्हिएतनामीतून देण्याचा कार्यक्रम त्यांनी एवढ्या अवधीत आखला. कोश हाताशी तयार होता, म्हणूनच ते जमलं. १९४६ मध्ये दालात शहरात फ्रेंचांशी झालेल्या वाटाघाटींत ते होते. १९५१ मध्ये फ्रान्सला गेले आणि १९९६ मध्ये तिथेच वारले.

आता माझ्या आवडीचा भाग. ज्या चांद्रमासात सूर्याची संक्रांत होत नाही तो अधिक मास, हे आपल्याला ठाऊक आहे. व्हिएतनाम-चीनमध्येही तत्त्व तेच; फक्त सूर्याच्या वाटेवरचे त्यांचे बारा बिंदू संपात-अयनांपासून (दिवस-रात्र समान असण्याच्या आणि सर्वांत लहान-मोठ्या दिवसांच्या क्षणांपासून) मोजलेले. चांद्रमास सरासरी २९.५३ दिवसांचा, दोन बिंदूंमधलं सरासरी अंतर ३०.४४ दिवसांचं. पण सूर्य त्या बिंदूवर कधी आला हे ठरवायचं कसं? एक रीत सोपी: वर्षाचे बारा समान भाग करा. दुसरी रीत खऱ्या सूर्याची. पृथ्वी जानेवारीत सूर्याच्या जवळ असते आणि सेकंदाला ३०.३ किलोमीटर वेगानं पळते. जुलैत तो वेग २९.३ वर येतो. त्यामुळे दोन बिंदूंमधला ३० अंशांचा टप्पा हिवाळ्यात सुमारे २९.४ दिवसांत उरकतो, उन्हाळ्यात ३१.४ दिवस घेतो. हिवाळ्यातला टप्पा चांद्रमासाहूनही आखूड झाला! मग संक्रांतीविना महिना तिथे सापडणार कसा? खऱ्या सूर्यानं मोजलं की अधिक मास उन्हाळी बाजूला गोळा होतात. आपल्याकडचे पाहा: २०१५ आषाढ, २०१८ ज्येष्ठ, २०२० आश्विन, २०२३ श्रावण. समान भागांच्या रीतीत मात्र ते वर्षभर कुठेही पडतात. म्हणून जुन्या कागदात ऐन थंडीतला अधिक मास दिसला, की तो लिहिणाऱ्याचं पंचांग बहुधा समान भागांचं होतं.

चीननं १६४५ मध्ये, जेझुइट (कॅथलिक धर्मप्रसारक) ज्योतिर्विदांच्या मदतीनं, खऱ्या सूर्याची रीत घेतली. व्हिएतनाम चीनच्या मिंग राजवटीतल्या जुन्या, समान भागांच्या रीतीवरच राहिला, थेट १८१३ पर्यंत. म्हणजे मधली दीडशेहून अधिक वर्षं चिनी कोष्टक वापरून व्हिएतनामी बखरीतली तारीख इंग्रजी तारखेत बदलली, तर ती कधी दिवसानं, तर कधी महिन्यानं चुकू शकते. हान यांनी टिकून राहिलेली जुनी पंचांगं तपासून, गणितं करून ही गेलेली पंचांगं पुन्हा उभी केली. त्यांचा प्रबंध १९८२ मध्ये पॅरिसमध्ये प्रसिद्ध झाला.

१८१३ नंतर दोन्ही देशांची रीत एक झाली आणि वाद उरला तो घड्याळाचा. १९६८ पासून उत्तर व्हिएतनामनं ग्रिनिचच्या सात तास पुढची वेळ धरली. दक्षिण व्हिएतनामची राजधानी सायगाव, तिथलं घड्याळ आठ तास पुढे होतं. त्या वर्षी तेतच्या अमावास्येची युती उत्तरेच्या घड्याळानं २९ जानेवारीच्या रात्री ११ वाजून २९ मिनिटांनी झाली. उत्तरेत तेत २९ ला, दक्षिणेत ३० ला. व्हिएतनाम युद्धात उत्तरेच्या बाजूनं दक्षिणेवर त्याच सणात केलेल्या प्रसिद्ध तेत हल्ल्यात काही तुकड्यांनी एक रात्र आधीच गोळीबार सुरू केला, त्यामागे हाच तासाचा घोळ असावा असं काही इतिहासकार मानतात.