खोडलेली माहिती खरोखर मिटते का?

घरोघरच्या रद्दीत वर्तमानपत्रांबरोबर आधार कार्डाच्या झेरॉक्स आणि बँकेची जुनी पासबुके किलोच्या भावाने जातात, आणि त्याच निष्काळजीपणाने आपण जुना संगणकही भंगारात देतो. कागद निदान डोळ्यांना दिसतो. संगणकातील माहिती दिसेनाशी झाली की ती मिटली, असे आपण गृहीत धरतो. हा समज धोकादायक आहे.

कागद बारीक करणाऱ्या यंत्राचे अमेरिकी पेटंट 1909 मध्ये ॲबट ऑगस्टस लो यांना मिळाले, आणि 1935 च्या सुमारास जर्मनीत ॲडॉल्फ एहिंगर यांनी शेवयांच्या यंत्रावरून कल्पना घेऊन हाताने फिरवायचे श्रेडर तयार केले. उभ्या पट्ट्या पुरेशा आहेत, हा विश्वास 1979 मध्ये तेहरानमध्ये फोल ठरला, कारण तेथील अमेरिकी दूतावासात कापलेले कागद इराणी लोकांनी पट्टीला पट्टी लावून पुन्हा जुळवले. जर्मनीच्या 2012 च्या डीआयएन 66399 या मानकाने म्हणूनच कागदासाठी सात सुरक्षा पातळ्या ठरवल्या; सर्वोच्च पातळीत एक तुकडा जास्तीत जास्त 5 चौरस मिलिमीटरचा, म्हणजे ए-4 आकाराच्या एका कागदाचे 12,000 हून अधिक तुकडे. नाश म्हणजे पुन्हा जुळवणी करणाऱ्याचे कष्ट अशक्यप्राय करून ठेवणे, ही खरी व्याख्या येथे स्पष्ट होते.

संगणकात फाइल ‘डिलीट’ केली की सामान्यतः तिची नोंद तेवढी काढली जाते आणि ती जागा मोकळी असल्याचे दर्शवले जाते. सातबाऱ्यावरील नाव खोडल्याने शेतातील उभे पीक नाहीसे होत नाही, तसेच हे आहे. जेपीईजी छायाचित्राची सुरुवात ठराविक बाइटांनी होते, त्यामुळे नोंद नसतानाही एखादे सॉफ्टवेअर संपूर्ण हार्ड डिस्क चाळून त्या खुणेवरून छायाचित्र बाहेर काढू शकते. अमेरिकेतील एमआयटी या तंत्रविद्यापीठातील सिमसन गारफिंकेल आणि अभी शेलत यांनी बाजारातून 158 वापरलेल्या हार्ड डिस्क विकत घेतल्या; 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासानुसार चालू स्थितीतील 129 पैकी केवळ 12 डिस्क नीट पुसलेल्या होत्या, आणि उरलेल्यांत हजारो क्रेडिट कार्ड क्रमांक सापडले.

चुंबकीय हार्ड डिस्कवर नवी माहिती लिहून जुनी झाकता येते, आणि आधुनिक डिस्कसाठी असे एकदा लिहिणे सहसा पुरते. एसएसडी (नव्या संगणकांतील चिपवर माहिती साठवणारी डिस्क) आणि मोबाइल यांतील फ्लॅश मेमरीची गोष्ट निराळी आहे. तिचे कप्पे वारंवार लिहिण्याने झिजतात, म्हणून आतील नियंत्रक नवी माहिती दुसऱ्याच कप्प्यात नेऊन लिहितो आणि जुनी प्रत काही काळ आपल्या आवाक्याबाहेर तशीच पडून राहते. हार्ड डिस्क पुसू शकणाऱ्या शक्तिशाली चुंबकाचाही येथे उपयोग नाही.

यावरचा उपाय मला या साऱ्या इतिहासातील सर्वांत सुंदर कल्पना वाटते. माहिती पहिल्या दिवसापासूनच कूटबद्ध, म्हणजे गुप्त अंकी किल्लीशिवाय वाचता येणार नाही अशा रूपात, करून ठेवायची आणि नाश करायचा तो फक्त किल्लीचा. 256 बिटांची किल्ली म्हणजे अवघे 32 बाइट. त्या गेल्या की शेकडो गिगाबाइट माहिती जागच्या जागी निरर्थक होते. अलीकडच्या स्मार्टफोनमध्ये ‘फॅक्टरी रीसेट’ केल्यावर प्रामुख्याने हेच घडते. मात्र कूटबद्ध न केलेल्या जुन्या संगणकाला हे संरक्षण नसते, म्हणून नागपूरच्या सीताबर्डीत जुना मोबाइल विकणाऱ्यापेक्षा धरमपेठेतील करसल्लागाराने किंवा रामदासपेठेतील पॅथॉलॉजी लॅबने आपला दहा वर्षांपूर्वीचा संगणक बदलताना अधिक सावध असले पाहिजे. त्या डिस्कवरील माहिती त्यांच्या स्वतःची नसून अशिलांची आणि रुग्णांची असते.

भारताच्या 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानेही ही जबाबदारी माहिती बाळगणाऱ्यावरच टाकली आहे: संमती मागे घेतल्यावर किंवा हेतू पूर्ण झाल्यावर, अन्य कायद्याने जपून ठेवणे बंधनकारक नसेल, तर वैयक्तिक माहिती पुसली पाहिजे, आणि सुरक्षेची वाजवी काळजी न घेतल्यास 250 कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. अशा वेळी पेन ड्राइव्हवरील बॅकअप आणि ईमेलमधील जोडपत्रे, म्हणजे त्या माहितीची प्रत्येक प्रत, शोधून काढावी लागते.