जलाशय परिचालन यंत्रणेची पुनर्रचना

नद्या आणि जलाशयांतील पाणी कोणी, कोणत्या नियमाने आणि कोणाशी सल्लामसलत करून सोडायचे, ही सरकारी यंत्रणेतील जबाबदारी नव्याने वाटून देण्याची प्रक्रिया. वरवर पाहता ती कार्यालयांचे विलीनीकरण, पदांची अदलाबदल किंवा नव्या महामंडळाची स्थापना अशी दिसते. मात्र धरणाचे दरवाजे उचलण्याचा आदेश कोणाच्या सहीने निघतो, हे बदलले नसेल तर तिला पुनर्रचना म्हणणे अवघड आहे.

बहुतेक जलसंपदा यंत्रणा जन्माला आल्या त्या बांधकामासाठी. धरणे, बंधारे, कालवे पूर्ण झाल्यावर काम बदलते. रोजची आवक मोजणे, पाणलोटातील पावसावर नजर ठेवणे, विसर्ग ठरवणे, खालच्या गावांना वेळेवर इशारा देणे हे परिचालनाचे काम होय. पण विभागांची रचना, निधी आणि प्रतिष्ठा मात्र बांधकामाभोवतीच फिरत राहते. शिवाय नदी जिल्हा किंवा राज्याची हद्द जाणत नाही. वरच्या धरणातून सोडलेले पाणी काही तासांत खालच्या धरणाची आवक होते आणि ही दोन धरणे दोन स्वतंत्र कार्यालयांकडे असतील, तर पुराच्या रात्री निर्णय दूरध्वनीवरच्या विनवण्यांवर अवलंबून राहतो.

खोरे हेच एकक मानण्याचा गाजलेला प्रयोग म्हणजे अमेरिकेत 1933 मध्ये स्थापन झालेले टेनेसी खोरे प्राधिकरण. पूरनियंत्रण, जलवाहतूक आणि वीज ही कामे त्यात एका छत्राखाली आली. त्याच धर्तीवर भारतात 1948 मध्ये दामोदर खोरे महामंडळ उभे राहिले. मात्र तेथे जलाशयांतील विसर्गाचे नियमन केंद्रीय जल आयोगाच्या नेतृत्वाखालील समितीमार्फत होऊ लागले. दामोदर नदीवरचा दुर्गापूरचा बंधारा 1964 मध्ये पश्चिम बंगालकडे गेला. खोरे एक, पण दरवाजांवरचे हात अनेक, अशी ही स्थिती आहे. दामोदरला पूर आला की विसर्गाच्या जबाबदारीवरून केंद्र, महामंडळ आणि राज्य यांच्यात वाद होतो, त्याचे एक मूळ येथे आहे.

सगळे एकत्र आणले की प्रश्न सुटतो, असेही नाही. इंग्लंड आणि वेल्समध्ये 1973 च्या कायद्याने दहा प्रादेशिक जल प्राधिकरणे नेमली गेली आणि 1974 पासून नदी, पाणीपुरवठा व सांडपाणी ही तिन्ही कामे त्यांच्याकडे आली. खोरेनिहाय एकत्रीकरणाचे हे ठळक उदाहरण. पण नदीत सांडपाणी सोडणारे आणि नदीच्या प्रदूषणावर पहारा ठेवणारे कार्यालय एकच झाले, आणि स्वतःवर खटला कोण भरणार? 1989 मध्ये पाणीपुरवठ्याचे खासगीकरण होताना नियामक काम राष्ट्रीय नदी प्राधिकरणाकडे वेगळे काढले गेले. 1996 मध्ये ते पर्यावरण संस्थेत विलीन झाले.

ऑस्ट्रेलियातील मरे-डार्लिंग खोऱ्यात 1917 पासून नदी आयोग होता, पण राज्यांच्या सहमतीशिवाय त्याला फारसे काही करता येत नसे. दीर्घ दुष्काळानंतर 2007 च्या जलकायद्याने खोरे प्राधिकरण निर्माण झाले आणि 2012 च्या आराखड्याने पाणी उपशाला खोरेव्यापी मर्यादा घातली.

एकाच धरणात पूर आणि पाणीपुरवठा यांचे हितसंबंध भिडतात तेथे यंत्रणेची खरी कसोटी लागते. पुरासाठी जलाशय रिकामा हवा, तर उन्हाळ्यासाठी भरलेला. या ओढाताणीची तडजोड परिचालन सूचीत लिहिलेली असते: वर्षाच्या कोणत्या तारखेला पाणी किती पातळीपर्यंत ठेवायचे. अमेरिकेत 1944 च्या पूरनियंत्रण कायद्यानुसार केंद्रीय निधीतून बांधलेल्या धरणांतील पूरसाठ्याचे नियम सैन्याचे अभियंता दल ठरवते, मग धरण दुसऱ्या खात्याचे का असेना. कॅलिफोर्नियातील मेंडोसिनो तलावात डिसेंबर 2012 मध्ये पुरासाठी राखलेल्या कप्प्यात साचलेले पाणी नियमाप्रमाणे सोडून दिले गेले. पुढचे 2013 हे वर्ष विलक्षण कोरडे गेले. तेव्हा अभियंता दल, स्थानिक पाणीपुरवठा संस्था आणि हवामान संशोधक यांची संयुक्त समिती बसली आणि पावसाच्या अंदाजानुसार साठा राखण्याची पद्धत तपासली गेली. नवे खाते निघाले नाही, फक्त निर्णयाचा नियम बदलला.

धरण कसे चालवायचे हे सांगणाऱ्या नियमपुस्तिकेचे वजन ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेनच्या वाइवनहो धरणाबाबत न्यायालयातही दिसले. जानेवारी 2011 च्या पुरानंतर चौकशी आयोगाने विसर्गाचे निर्णय पुस्तिकेशी ताडून पाहिले. 2019 मध्ये न्यायालयाने परिचालनात निष्काळजीपणा झाल्याचे ठरवले, तर 2021 मध्ये अपील न्यायालयाने सेकवॉटर (Seqwater) या परिचालक संस्थेविरुद्धचा निकाल फिरवला.

हस्तांतराचा काळ नाजूक असतो. आवक-विसर्गाच्या जुन्या नोंदी, दरवाजांच्या दोषांची माहिती, इशारा कोणाला द्यायचा त्याची यादी हे सारे अनेकदा कागदापेक्षा जुन्या कर्मचाऱ्यांच्या स्मरणात असते. त्यामुळे अधिकार पुराचा हंगाम संपल्यावर सोपवणे आणि पुढच्या हंगामापूर्वी नव्या नियंत्रण कक्षाने जुन्या कक्षासोबत सराव करणे शहाणपणाचे. बदल्यांचे आदेश मात्र सहसा आर्थिक वर्ष पाहून निघतात, पावसाळा पाहून नव्हे.