उरुग्वेतील वीजनिर्मितीचे अक्षय ऊर्जेकडे संक्रमण

दक्षिण अमेरिकेतील उरुग्वे या सुमारे ३५ लाख लोकवस्तीच्या देशाने २००८ नंतरच्या दशकभरात आयात तेलावरची वीजनिर्मिती बाजूला सारून जल, पवन, जैवभार (लाकूड आणि इतर वनस्पतिजन्य अवशेष) आणि सौर स्रोतांवर चालणारी वीजव्यवस्था उभी केली. पावसाच्या चांगल्या वर्षी देशाची ९५ टक्क्यांहून अधिक वीज याच स्रोतांतून येते.

कोळसा, तेल, वायू यांचे उत्पादनक्षम साठे देशात नाहीत. रियो नेग्रो नदीवर रिंकोन देल बोनेते, बायगोरिया आणि पालमार ही एकाखाली एक तीन धरणे आहेत. उरुग्वे नदीवरचे साल्तो ग्रांदे (प्रत्येकी १३५ मेगावॉटचे १४ संच, एकूण १,८९० मेगावॉट) अर्जेंटिनासह सामाईक असून त्यातील निम्मा वाटा उरुग्वेचा. मोठ्या धरणाजोग्या जागा संपल्या, मागणी मात्र वाढत राहिली. त्यामुळे ला निन्याच्या (प्रशांत महासागराचे विषुववृत्तीय पाणी नेहमीपेक्षा थंड होते तेव्हाच्या) कोरड्या वर्षी महागडे इंधन जाळावे लागे किंवा शेजाऱ्यांकडून मिळेल त्या भावाने वीज घ्यावी लागे.

२००८ मध्ये सरकारने २०३० पर्यंतचे ऊर्जा धोरण मंजूर केले आणि २०१० मध्ये संसदेतील सर्व पक्षांनी त्यावर सहमती दिली. त्या काळात भौतिकशास्त्रज्ञ रामोन मेंदेस राष्ट्रीय ऊर्जा संचालक होते. पवनऊर्जेसाठी खुल्या निविदा निघाल्या. पारेषण आणि वितरण सांभाळणाऱ्या ‘ऊते’ या सरकारी कंपनीने निर्मात्यांशी २० वर्षांचे, डॉलरमधील, ठरलेल्या दराचे खरेदी करार केले. पवनचक्कीचा जवळजवळ सगळा खर्च उभारणीच्या वेळीच होतो, त्यामुळे विजेचा दर मुख्यतः कर्जाच्या व्याजावर ठरतो. खात्रीच्या ग्राहकामुळे कर्ज स्वस्त झाले. सहमतीचे मोलही इथेच होते : सरकार बदलले तरी करार टिकेल, हा भरवसा बँकांना मिळाला. पाम्पा आणि आरिआस या प्रकल्पांत सामान्य नागरिकांनीही बचत गुंतवली. दशकाच्या अखेरीस पवनक्षमता सुमारे १,५०० मेगावॉट झाली. वर्षभराच्या सरासरीने तिचा ४० टक्क्यांच्या आसपास वापर होतो, म्हणजे वर्षाला पाच अब्जांहून अधिक युनिट. देशाची मागणी साधारण ११ अब्ज युनिट आहे.

या व्यवस्थेचे मर्म वारा आणि पाणी यांच्या जोडीत आहे, म्हणून श्रेयाचा मोठा वाटा जुन्या धरणांनाही द्यावा लागतो. वारा वाहत असताना टर्बाइनचे दरवाजे आवळून पाणी राखले जाते. वारा पडला की तेच पाणी काही मिनिटांत वीज देते. बोनेतेचा विस्तीर्ण जलाशय काही महिन्यांसाठी पाणी राखू शकतो. साल्तो ग्रांदेला मात्र येणारे पाणी थोड्याच दिवसांत वापरावे किंवा सोडावे लागते. म्हणून भार नियंत्रण केंद्रात प्रत्येक जलाशयातील पाण्याची किंमत काढतात : तळे काठोकाठ असेल तर ती शून्य, आणि पातळी खालावली की औष्णिक केंद्रातील इंधनखर्चाच्या जवळ. विद्यापीठात तयार झालेली ‘सिमसी’ ही संगणक प्रणाली पाऊस आणि वारा यांचे अनेक संभाव्य क्रम तपासून हा हिशेब मांडते. जैवभाराची वीज मुख्यतः कागदलगद्याच्या कारखान्यांतून येते. लाकूड शिजवल्यावर उरणारे काळे द्रव तिथे बाष्पकात (बॉयलरमध्ये) जाळले जाते.

अडचणी दोन टोकांच्या आहेत. पावसाळी, वादळी रात्री सांडवे वाहत असतात, चक्क्या जोरात फिरतात आणि मागणी तळाला असते. मग चक्क्या थांबवाव्या लागतात, पण करारानुसार न घेतलेल्या विजेचेही पैसे द्यावे लागतात. महापुरात साल्तो ग्रांदेची वीज उलट घटते, कारण धरणाखालची पातळी चढून पाणी पडण्याची उंची कमी होते. जादा वीज शेजारी देशांना विकता येते. अर्जेंटिनाशी सरळ जोडणी आहे. ब्राझीलच्या विजेची वारंवारता (प्रवाह सेकंदाला किती आवर्तने करतो ते) ६० हर्ट्झ आणि उरुग्वेची ५० असल्याने तिकडे मेलो (५०० मेगावॉट) आणि रिव्हेरा (७० मेगावॉट) येथील परिवर्तक केंद्रांतूनच वीज जाते. मात्र पाऊस बहुधा शेजारीही पडलेला असतो, त्यामुळे भाव कमी मिळतो.

दुसरे टोक दुष्काळाचे. २०२० ते २०२३ च्या ला निन्या काळात जलविद्युत घटली आणि औष्णिक केंद्रे पुन्हा चालवावी लागली. त्यांतील पुंता देल तिग्रेचे सुमारे ५३० मेगावॉटचे संयुक्त चक्र केंद्र (वायू टर्बाइनच्या उरलेल्या उष्णतेवर वाफेचे टर्बाइनही चालवणारे) हा आजचा मुख्य राखीव आधार आहे. ते वर्षातील बराच काळ बंद असते, तरीही त्याची देखभाल आणि भांडवली खर्च चुकत नाही.

निर्मितीखर्चाची दुष्काळी उसळी आटोक्यात आली, पण घरगुती बिले त्या प्रमाणात उतरली नाहीत. बिल पेसो या देशी चलनात भरले जाते आणि कराराची देणी डॉलरशी बांधलेली आहेत. सुरुवातीच्या मोठ्या पवन करारांची मुदत २०३० च्या दशकात संपेल. तेव्हा जुन्या चक्क्या चालवत राहायच्या की त्याच जागी अधिक क्षमतेच्या उभारायच्या, हे ठरवावे लागेल.